अण्णांचे चार जुने पिस्टन

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी मी सासरच्या स्वयंपाकघरात शिरले तेव्हा गॅसवर एक मोठा टोप उकळत होता. सासूबाई देवळात गेल्या होत्या. टोपावरचं झाकण तिरकं बसलं होतं आणि फटीतून पळ्यांचे दांडे असावेत असं काहीतरी बाहेर आलेलं होतं. नव्या सुनेने आपण होऊन काहीतरी करून दाखवावं, या हौसेने मी झाकण उचललं. आत काळपट, डब्यांच्या आकाराच्या चार धातूच्या वस्तू खदखदत होत्या. माझ्या हातातलं झाकण खाली पडलं. मागून आवाज आला, "झाकण घाल गो. पाणी निवला तर पिन सुटाची नाय."

हे माझे सासरे, अण्णा परब. अंगात गंजीफ्रॉक, खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, हातात चिमटा. आदल्या दिवशी मांडवात फेटा बांधून मिरवणारा माणूस तो हाच, हे पटायला मला वेळ लागला. "पिस्टन असत," ते म्हणाले, "खावचे न्हय. इंजिनात वरखाली करतत ते." मग त्यांनी एक पिस्टन उचलून फडक्यात धरला आणि त्याच्या पोटातली, तो लांब दांडा धरून ठेवणारी पिन नुसत्या अंगठ्याने बाहेर ढकलली. गरम पाण्यात पिस्टन किंचित फुगतो आणि इतर वेळी हातोडीलाही दाद न देणारी पिन सैल होते, हे ज्ञान मला हळदीच्या अंगाने मिळालं. त्या टोपात पुढे भात शिजायचा का, हे सासूबाईंना विचारायचा धीर मला शेवटपर्यंत झाला नाही.

खरं तर मी आधीच सावध व्हायला हवं होतं. घाटकोपरला आमच्या घरी मुलगी बघायला ही मंडळी आली, तेव्हा सासूबाईंनी माशाचं कालवण येतं का विचारलं, सुरेशने म्हणजे माझ्या नवऱ्याने काहीच विचारलं नाही, आणि अण्णांनी समोरच्या भिंतीकडे बोट केलं. "शैला, ता कॅलेंडर वाच बघू. तारखांच्या खालची बारीक अक्षरां." मी बसल्या जागेवरून तिथी, नक्षत्र, सगळं वाचून दाखवलं. "चष्मो नाय ना?" "नाही." "बरा. माझी पसंती." माझे वडील दुखावले. ही मंडळी मुलगी बघायला आली होती की डोळे तपासायला, असं ते रात्रभर विचारत होते. आम्ही सगळ्यांनी तो विक्षिप्तपणा म्हणून सोडून दिला.

घर बोरिवलीला, बैठं, पुढे गल्ली आणि मागे परस. परसात शेवग्याच्या झाडाजवळ पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये ताडपत्रीखाली ती गाडी. दोनच माणसं बसतील एवढी, बिनछपराची, लाल रंगाची इंग्रजी गाडी. रंग बऱ्याच ठिकाणी पोपडे धरून सुटला होता, तरी ताडपत्री काढली की गल्लीतली माणसं हातातलं काम सोडून बघत. अण्णांनी जन्मभर अंधेरीच्या एका मोटार कंपनीत सुट्या भागांचं काउंटर सांभाळलं होतं. तिथल्या एका जुन्या पारशी गिऱ्हाइकाने देश सोडून जाताना त्यांना सांगितलं, परब, तू घेऊन जा, नाहीतर ही भंगारात जाईल. अण्णांनी ती दोरीने बांधून ओढत बोरिवलीला आणली. सुरेश तेव्हा शाळेत होता. तेव्हापासून घरात एकच गोष्ट ठरलेली होती, की निवृत्त झाल्यावर अण्णा इंजिन पुन्हा बांधणार, आणि स्वतः गाडी चालवत, शेजारी सासूबाईंना बसवून, खारदांड्याला आपल्या बहिणीच्या दारात नेऊन उभी करणार. बहिणीने म्हणे गाडी दोरीने बांधून आणली त्या दिवशी, "ही आता तुझ्याबरोबरच जाईल स्मशानात," असं म्हटलं होतं. ते अण्णांना लागलं होतं, आणि आता ते निवृत्त झाले होते.

अण्णांचा एक शब्द घरात दिवसातून अनेकदा ऐकू यायचा. "माप घेतलंस?" सुरेश म्हणाला की टायर गुळगुळीत झालाय, तर माप घेतलंस? सासूबाई म्हणाल्या, शेजारच्या मुलीचे केस कमरेपर्यंत आहेत, तर माप घेतलंस? एकदा मी पापलेट लहान दिलं म्हणून कोळणीशी हुज्जत घालत होते, तर हे घरातून फूटपट्टी घेऊन आले. कोळीण हसून हसून पाटी विसरून निघाली होती. त्यांचं म्हणणं साधं होतं. माणूस वस्तू टाकतो ती कंटाळ्याने, झिजली म्हणून नाही. "आयुष्यभर नवे पिस्टन मीच विकले," ते म्हणायचे. "म्हणान सांगतंय. रिंगा नव्ये, पिस्टन जुनो. पिस्टन आपल्या घरात बसलेलो असता. तेका कित्याक उठवचा?"

हे बोलणं ऐकायला छान वाटे, पण त्यापायी घरात भांडणं होऊ लागली. सुरेशचा थोरला भाऊ विजय मस्कतला होता. दसऱ्याच्या सुट्टीला तो आला तो एक जड खोकं घेऊनच. त्याने कुठूनकुठून पत्ते काढून त्या गाडीच्या इंजिनाचे नवे कोरे चार पिस्टन मिळवले होते. इकडे मुंबईत ते कुणाला बघायलाही मिळाले नसते. तेलाच्या कागदात गुंडाळलेला एकेक पिस्टन त्याने अण्णांच्या पुढ्यात मांडला. मला वाटलं, अण्णा त्याला मिठी मारतील. अण्णांनी एक पिस्टन हातात घेतला, बोटांनी चहूबाजूंनी चाचपला, परत ठेवला आणि म्हणाले, "घेवन जा. माका नको."

विजयचा चेहरा मला अजून दिसतो. "अण्णा, अहो लोक जीव टाकतील यासाठी," तो म्हणाला. अण्णा ढिम्म. सासूबाई मधे पडल्या, सुरेश चिडला, विजय जेवला नाही. आम्ही सगळे थक्क झालो होतो. हट्टी माणूस मी माझ्या माहेरीही पाहिला होता, पण पोराने इतक्या मायेने आणलेली वस्तू अशी परत लोटणारा बाप मी पाहिला नव्हता, आणि मला त्या दिवशी अण्णांचा मनापासून राग आला.

शेवटी अण्णाच म्हणाले, "दसरो होवंदे. मग सगळ्यांसमोर मापून दाखवतंय. जुन्यात खोट निघाली तर तुझे नव्ये घालतंय."

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची, हा आमच्याकडचा नेम. सासूबाईंनी कोयता, विळी, अण्णांचे पाने सगळं पाटावर मांडलं, आणि यंदा कौतुकाने ते चार पिस्टनही घेतले. अण्णांनी ते घासून स्वच्छ करून वर्तमानपत्रावर एक, दोन, तीन, चार असे ओळीने ठेवले होते. जो पिस्टन ज्या सिलिंडरमधून निघाला तो तिथेच परत जायला हवा, म्हणून प्रत्येकाच्या माथ्यावर कारखान्यातच आकडा ठोकलेला असतो. सासूबाईंनी ते पाटाच्या चार कोपऱ्यांत ठेवले, शोभा यावी म्हणून. प्रत्येकाच्या माथ्यावर हळदीकुंकवाचं ओलं बोट चांगलं दाबून लावलं, वर झेंडूचं फूल. दसऱ्यानंतर पाट उचलला तेव्हा त्यांनी फुलं काढली आणि पिस्टन पुन्हा वर्तमानपत्रावर ओळीत मांडून ठेवले.

मग विजय, सुरेश, सासूबाई आणि मी, असे सगळे शेडमध्ये जमलो. अण्णांनी मायक्रोमीटर काढलं, म्हणजे केसाएवढा फरक दाखवणारं ते चिमट्यासारखं माप. पहिला पिस्टन उचलला, त्यावर माप टेकवलं, डोळ्यांजवळ नेलं. "एक नंबर," ते म्हणाले आणि दशांशापुढे तीन घरं असलेला आकडा धडाधड सांगितला. दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येकाचं माप त्यांनी ऐटीत सांगितलं. "झिजलो? खंय झिजलो?" विजयने हात जोडले. "तुमचं खरं," तो म्हणाला आणि घरात निघून गेला. त्याच्या मागोमाग बाकीचेही गेले.

मी गेले नाही, कारण मला काहीतरी दिसलं होतं. अण्णांनी एक नंबर म्हणून उचललेल्या पिस्टनच्या माथ्यावर, सुकलेल्या कुंकवाच्या आत, तीनचा आकडा होता. सासूबाईंनी ओळ लावली होती ती आपल्या मनाने. मला वाटलं, अण्णांची नजरचूक झाली असेल. मी म्हटलं, "अण्णा, हा तीन नंबर आहे."

अण्णांनी तो पिस्टन हातात घेतला आणि माथ्यावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. आकडा कुंकवाने भरून गुळगुळीत झाला होता. ते आकड्याकडे बघतच नव्हते. ते शेडच्या दाराकडे तोंड करून अंगठ्याने वाचायचा प्रयत्न करत होते. मी मायक्रोमीटर उचललं. मला ते वाचता येत नव्हतं, पण त्यांनी सांगितलेला आकडा त्यावर कुठेच नव्हता, एवढं कळायला शिक्षण लागत नाही.

"अण्णा, तुम्हाला दिसत नाही?"

अण्णांनी पिस्टन वर्तमानपत्रावर ठेवला. मग म्हणाले, "उजव्यान नायच. डाव्यान धुक्यातला."

काचबिंदू होता. अंधेरीच्या डॉक्टरांनी आमच्या लग्नाच्या आधीच सांगितलं होतं, की गेलेलं परत येणार नाही आणि राहिलेलं टिकेल तेवढं टिकेल. डोळ्यांत औषधाचे थेंब घालताना मी त्यांना रोज बघत होते. पेट्रोलची वाफ जाते म्हणून घालतो, असं ते सांगायचे आणि आम्ही ते मान्य केलं होतं. नवे पिस्टन त्यांना का नको होते ते मला तिथे, त्या शेडमध्ये समजलं. नव्या पिस्टनचं माप त्यांना घेता आलं नसतं. जुन्या पिस्टनची मापं त्यांनी डोळे शाबूत असताना घेतली होती आणि ती त्यांना पाठ होती. आणि कॅलेंडरही आठवलं. माझा संतापच झाला.

"म्हणजे मला सून म्हणून आणलंत की चष्मा म्हणून?"

"दोनय," अण्णा म्हणाले. खोटं बोलायचं त्यांच्यात त्राण राहिलं नव्हतं. "पण मागूचा कसा ता समाजला नाय. कोणाक सांगू नको गो. गाडी एकदा चालवंदे माका."

हा माणूस रोज एकटा मोठा रस्ता ओलांडून भाजी आणत होता, हे मला आठवलं. आणि त्याला गाडी चालवायची होती. मी म्हटलं, "आज मी गप्प बसते. पण मापं मी घेणार, खरी. आणि निघेल तो आकडा तुम्हाला ऐकावा लागेल." ते कबूल झाले.

त्यानंतर दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की माझी शिकवणी सुरू होई. "दाब नको. नुसता टेकव. पाव्हण्याच्या खांद्यार हात ठेवतंस तसा." पिस्टनच्या कडेच्या खाचा, जिथे रिंगा बसतात त्या, जुन्या रिंगेच्या तुकड्याने खरवडायच्या, काजळी निघाली पाहिजे पण धातू निघता कामा नये. एरवी तापट असलेले अण्णा शिकवताना कधी ओरडले नाहीत. मी आकडा वाचायची आणि ते मान हलवायचे, किंवा "परत घे" म्हणायचे. एक, दोन आणि चार नंबरचे पिस्टन खरोखरच उत्तम होते. पाठ असलेल्या मापात आणि माझ्या मापात फरक नावापुरता. अण्णांचा चेहरा फुलत गेला. त्यांना शेजारी चहा घेऊन बसवलं की मलाही बरं वाटायचं, हे कबूल करते. मला आई-वडिलांच्या घरी कुणी एवढं काही शिकवलं नव्हतं.

तीन नंबर मी शेवटी घेतला. मापात तोही चालण्यासारखा होता. पण उजेडात फिरवताना खालच्या कडेपासून वर जाणारी एक रेघ दिसली. मला वाटलं केस चिकटलाय. पुसला, गेला नाही. मी नखाने ओढून बघितलं आणि नख अडकलं.

"अण्णा, तीन नंबरला चीर आहे."

"शक्य नाय."

"आहे. केवढी आहे सांगू?"

"तुका नव्ये घालूचे असत," ते एकदम चिडून म्हणाले. "विजयान शिकवल्यान तुका." मी त्यांचं बोट धरलं, नख त्या रेघेवर ठेवलं आणि हळूच ओढलं. नख अडकलं तसे अण्णा थांबले. त्यांनी स्वतः पुन्हा नख फिरवलं. मग पिस्टन मांडीवर ठेवला आणि ते रडायला लागले. मी मोठ्या माणसाला, त्यातून सासऱ्याला, असं रडताना पाहिलं नव्हतं. काय करायचं ते मला समजेना. मी नुसती शेजारी बसून राहिले.

थोड्या वेळाने लेंग्याच्या टोकाने डोळे पुसत ते म्हणाले, "ह्यो मी तसोच इंजिनात घातलंय असतंय. छातीठोक. हातातली चीर माका दिसाक नाय. रस्त्यार कोणाचा पोर आडवा इला तर ता माका दिसात?"

हे त्यांनी मला विचारलं नव्हतं. पण गाडीचं काय ठरवलंय, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मला विचारवेना.

तीन नंबरच्या जागी विजयने इथेच ठेवलेल्या खोक्यातला एक नवा पिस्टन घालायचं ठरलं. चौघांचं वजन सारखं हवं, नाहीतर इंजिन थरथरतं. एवढं बारीक वजन कुठे करायचं? अण्णांनी मला पिशवी देऊन आमच्या नेहमीच्या सोनाराकडे पाठवलं. मी चारही पिस्टन त्याच्या गादीवर ओळीत मांडले. त्या बिचाऱ्याने आधी पिस्टनकडे बघितलं, मग माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे. "वहिनी, हे मोडायचंय की घडवायचंय?" चांदीच्या काट्यावर त्याने ते तोलले तेव्हा दुकानातल्या बायका बांगड्या बघायच्या थांबल्या होत्या. नवा पिस्टन जड निघाला. अण्णांनी तो आतल्या बाजूने कानशीने थोडा थोडा उतरवला आणि मी पुन्हा पुन्हा सोनाराकडे गेले. शेवटी शेवटी तो माझ्यासाठी चहा सांगून ठेवायचा.

इंजिन चालू झालं ती रविवारची सकाळ होती. विजय परत मस्कतला गेला होता. सुरेशने नवी बॅटरी जोडली, शेडचं दार उघडलं, गल्लीतली माणसं गोळा झाली. अण्णा चालकाच्या सीटवर बसले. किल्ली फिरवली, इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा पेटलं आणि त्याचा जाड, भरदार आवाज परसभर झाला. अण्णांनी एक तळवा त्या थरथरत्या दारावर ठेवला. तोवर सुरेशने घराच्या बाजूने पुढच्या दारापर्यंतची वाट मोकळी केली आणि सासूबाई शेजारी बसायला पदर खोचून आल्या. त्या सकाळपासून नवं पातळ नेसून तयार होत्या. लोक ओरडत होते, "काका, चला, काढा बाहेर." मी सुरेशला सगळं सांगण्यासाठी तोंड उघडलं.

अण्णा त्याआधीच उतरले. दाराला धरून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी चालवचंय नाय. माका दिसत नाय."

कुणी हसलं, त्याला वाटलं अण्णांची थट्टा चाललीय. सासूबाईंना मात्र समजलं. त्या तशाच उभ्या राहिल्या. "म्हणान रस्त्यार माका वळख देत नव्हतात?" त्या म्हणाल्या. "मी भांडलंय तुमच्याशी त्याच्यावरसून." मग त्यांनी अण्णांचा हात धरला तो सोडला नाही. सुरेशचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो माझ्याकडे बघत होता आणि मी मान खाली घातली होती. अण्णांनी अंदाजाने हात पुढे करून त्याच्या हातात किल्ली दिली. "जा. शैलाक घेवन खारदांड्याक जा. जुन्या तीन पिस्टनांची जबाबदारी माझी, नव्याची तुमची."

अण्णा त्यानंतर बरीच वर्षं जगले, नातवंडं अंगाखांद्यावर खेळवून गेले. त्यांचं बोलणं, त्यांची भांडणं, सगळं मला आठवतं. पण कुणी अण्णा कसे होते म्हणून विचारलं की मला तो रविवार आधी आठवतो. सुरेशने गाडी दाराबाहेर काढली आणि गल्लीत डावीकडे वळवली. आमच्या दारासमोर नवी चार मजली इमारत उभी राहिली होती. इंजिनाचा आवाज तिच्या भिंतीवर आपटून गल्लीभर घुमत होता. कोपऱ्यावर वळण्याआधी मी मागे वळून जोरजोरात हात हलवला. दारात अण्णा उभे होते, सासूबाईंना धरून, चेहरा आनंदाने उजळलेला, आणि ते हात उंच करून हलवत होते. आमच्याकडे नव्हे. समोरच्या त्या भिंतीकडे.

"अण्णा हात करतायत ना गं?" सुरेशने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"करतायत," मी म्हटलं.